वेशीवरची गद्धेगाळ

माडबंदरच्या दरबारात परदेशी व्यापारी ताठ उभा होता. "माझं एक यंत्र दहा विणकरांचं काम करतं. कापड निम्म्या भावात देतो. फक्त इथले माग मोडायचा हुकूम काढा."

दाराशी विणकर उभे होते. राजाने शिक्का उचलला.

"थांब," त्याची थोरली बहीण द्वारकाआक्का म्हणाली. "आधी वेशीवर गद्धेगाळ रोवू. हा भाव तिच्यावर कोरू आणि खाली वचन मोडणाऱ्याला शिवी."

व्यापारी चपापला. "भाव दगडावर कसा कोरणार? उद्या वाढवावा लागला तर?"

"आणि आम्हाला उद्या माग लागले तर?"

राजाने शिक्का खाली ठेवला.

आक्का म्हणाली, "कापड खुशाल विका. पण आमच्या मागांची खटखट ऐकत विका. ती चालू आहे तोवरच तुम्ही स्वस्त आहात."