अडलेला नाताळ

एकदा एका माळरानावरच्या गावी एक तरुण शिक्षिका रुजू झाली. ती शिकवायला आली होती. आपलंही काही शिकायचं राहिलं आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्या वयात कुणी सांगितलं तरी ते ऐकू येत नाही, हा आपणा सर्वांचाच अनुभव आहे. तिचं नाव सुवार्ता.

गावातली शाळा ख्रिस्ती मंडळीची होती, चौथीपर्यंतची. एकच लांबट खोली. आठवडाभर तिथे पाढे चालत आणि रविवारी उपासना होई. शनिवारी शाळा सुटताना मुलं फळा कोपऱ्यात नेऊन ठेवत आणि त्याच्या जागी लाकडी क्रूस टांगत. सोमवारी पुन्हा फळा जागेवर येई. त्यामुळे देवाचं घर आणि शाळा या जगात सगळीकडे एकाच छपराखाली असतात, अशी तिथल्या लेकरांची समजूत होती. ती दूर करावी असं कुणालाही वाटलं नाही.

शाळेचे मुख्याध्यापक वृद्ध होते. सारं गाव त्यांना थोरले गुरुजी म्हणे. ते मोजकं बोलत आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा लगेच देत नसत. घाईच्या माणसाला अशा माणसांचा राग येतो. सुवार्ताबाईंनाही येई.

चौथीत रिबका नावाची मुलगी होती. तिला वाचनाची विलक्षण ओढ होती. गोष्टीत कुणावर संकट आलं की वाचताना तिचा आवाज आपोआप खाली येई आणि अख्खा वर्ग पुढे सरकून बसे. सुवार्ताबाईंचा तिच्यावर जीव जडला. शिक्षकानं सर्व मुलांवर सारखंच प्रेम करावं असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांना रिबका भेटलेली नसते. ही मुलगी चौथी होऊन पुढे शिकली पाहिजे, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

दिवाळी झाली आणि गाव रिकामं होऊ लागलं. त्या भागातली बरीच घरं साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात, ती चैत्रातच परततात. रिबकाचे आईवडील निघाले. तिचा धाकटा भाऊ दावीद आजीपाशी राहिला. रिबकाला मात्र जावं लागलं, कारण आई उसाच्या फडात उतरली की तान्ह्या भावाला कोण पाहणार? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोचकी रचली होती. त्यांवर ती बाळाला मांडीत घेऊन बसली आणि म्हणाली, "येते, बाई." सुवार्ताबाईंनी बाळाचं टोपरं सारखं केलं, तेवढंच.

त्यानंतर वाचनाचा तास बाईंना खायला उठू लागला. दुसरी मुलं वाचत, बरी वाचत, आणि बाईंची नजर दारातून रस्त्यावर जाई. ज्या रस्त्यानं गेलेलं माणूस चैत्राआधी येणार नाही हे पक्कं ठाऊक असतं, त्या रस्त्याकडे आपण का पाहतो, हे शहाण्यांनाही सांगता आलेलं नाही.

डिसेंबर उजाडला. थोरल्या गुरुजींनी नाताळच्या नाटिकेच्या भूमिका वाटल्या. मेंढपाळ कोण, योसेफ कोण, हे ठरलं. रानात मेंढपाळांना बाळाच्या जन्माची बातमी सांगणारा देवदूत कोण, तर गेल्या वर्षीसारखीच रिबका.

"पण गुरुजी, ती इथं कुठं आहे?" सुवार्ताबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला," गुरुजी म्हणाले आणि पुढचं नाव वाचू लागले.

तालमी सुरू झाल्या तशा बाई अधिकच चकित झाल्या. कारखान्यावर गेलेल्या मुलाचं वाक्य आलं की गावात राहिलेली मुलं गप्प उभी राहत. ते वाक्य म्हणायला जितका वेळ लागला असता तितका वेळ थांबत आणि मग पुढे जात. देवदूताचं बोलणं लांब होतं. तेव्हा तर खोलीत बराच वेळ शांतता पसरे. कुणी हसत नसे, कुणी कुणाला कोपरखळी मारत नसे. मुलांना ही रीत सरावाची दिसत होती.

मग बाईंना कळलं, की ही नाटिका डिसेंबरात होतच नसते. नाताळच्या दिवशी मोठ्यांची उपासना होई. पण मुलांचा नाताळ, म्हणजे कागदाची चांदणी, नाटिका, गाणी, करंज्या, हे सगळं चैत्रात.

"ऐन उन्हाळ्यात नाताळ?" बाईंनी दावीदच्या आजीला विचारलं.

"थोरल्या गुरुजींचं असंच हाय, बाई," म्हातारी म्हणाली. "आम्ही इचारायचं सोडलं. करंज्या तेवढ्या दोनदा कराव्या लागत्यात."

सुवार्ताबाईंना हे पटलं नाही. जे आहेत त्यांच्याही तोंडचा सण काढून घ्यायचा, हा कुठला न्याय? नाताळच्या दिवशी तालुक्याच्या चर्चमधले पाळकसाहेब आले, उपासना झाली, मंडळी एकमेकांना सलाम करून घरोघर गेली. तेव्हा बाईंनी मुलांना मागे थांबवून घेतलं. रात्री जागून केलेली चांदणी त्यांनी दारावर बांधली. म्हणाल्या, "चला, आपण आपला नाताळ करू."

मुलं खूश झाली. नाटिका सुरू झाली आणि देवदूतापाशी येऊन थांबली. बाईंनी ते बोलणं दावीदला पाठ करायला लावलं होतं. त्यांनी त्याला डोळ्यांनी खुणावलं. दावीद पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा राहिला.

"बोल ना, दावीद. येतं ना तुला?"

"येतंय."

"मग?"

"ते ताईचं हाय."

बाईंनी इतरांकडे पाहिलं. एकाही मुलानं मान वर केली नाही. सगळी आपापल्या जागी उभी होती आणि थांबली होती. शेवटी बाई संतापून बाहेर आल्या. पायरीवर थोरले गुरुजी बसले होते.

"तुम्ही या मुलांना अडून बसायला शिकवलंत," त्या म्हणाल्या. "आणि देवाच्या जन्माचा दिवस पुढे ढकलणारे आपण कोण, गुरुजी?"

गुरुजींनी त्यांना बसायची खूण केली. मग म्हणाले, "बाई, देवाचा दिवस आपण सकाळी पाळला. पण पहिल्या नाताळाचा निरोप गावात निजलेल्यांना गेला नव्हता. तो गेला रानात राबणाऱ्यांकडे. आपली माणसं आज रानात आहेत. त्यांना वगळून गावातल्या गावात उरकलं, तर तो नाताळ कुणाचा?"

"पण जी इथं आहेत, त्यांचं काय?"

"माझं ऐका. मला एक थोरली बहीण होती, सलोमी. माझ्याहून हुशार. एका साली ती आईबापांबरोबर फडावर गेली आणि मी आजीपाशी राहिलो. चैत्रात ती परतली, तेव्हा याच दारात मी तिला आमच्या नाताळाचं सगळं सांगितलं. देवदूत कोण झालं, कोण चुकलं, करंज्या कशा झाल्या होत्या. मला वाटलं, तिला मजा येईल. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, 'बरं झालं.' आणि घरी गेली. पुन्हा शाळेत आली नाही. तिला कुणी हाकललं नव्हतं, बाई. आपल्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, एवढंच तिला कळलं होतं."

सुवार्ताबाईंनी मान खाली घातली.

"पुढे तिनं आयुष्यभर ऊस तोडला. मी मास्तर झालो," गुरुजी म्हणाले. "परत येणाऱ्या लेकराला आपण म्हणतो, ये, शाळा तुझीच आहे. ते त्याला खरं वाटत नाही. त्याच्यावाचून शाळेचं काहीतरी अडलेलं त्याला दिसलं पाहिजे. अडायचं म्हणजे खरोखरच अडायचं. त्याचा त्रास इथं राहिलेल्यांनाही व्हायला हवा. वाट पाहणं म्हणतात ते हेच असावं."

बाई उठल्या आणि आत जाऊन त्यांनी चांदणी सोडून ठेवली.

हिवाळा सरला. माळावरचं गवत पिवळं पडलं, सकाळची शाळा सुरू झाली, आणि एके दिवशी ट्रॉल्या परत येऊ लागल्या. रिबकाचं घर उघडलं. पण रिबका शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. जी भीती त्यांनी पायरीवर बसून ऐकली होती, ती आता त्यांच्याच दारात उभी होती.

शाळा सुटताच त्या रिबकाच्या घरी गेल्या. रिबका अंगणात भांडी घासत होती. उंच झाली होती, रापली होती. उसाच्या वाळक्या पाल्यानं, पाचटानं, हातांवर ओरखडे उमटले होते. बाईंना पाहून ती उठली नाही. भांडं तेच ते घासत राहिली.

तिची आई म्हणाली, "आता कशाला धाडू तिला, बाई? परीक्षा तोंडावर आली. पोरीचं समदं मागं पडलंय. पुढल्या साली हातात कोयता देईन म्हणते."

समजावण्याची पुष्कळ वाक्यं बाई वाटेनं जुळवत आल्या होत्या. शिक्षणाचं महत्त्व, मुलीचं भविष्य, सगळं. त्यातलं एकही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"मी तिला शिकायला न्यायला आले नाही, ताई," त्या म्हणाल्या. "आमचा नाताळ अडलाय. तिच्यावाचून पुढे जात नाही."

रिबकाचा हात थांबला. "मी आले न्हाई तरी अजून केला न्हाई?"

"नाही."

"माझं बोलणं कोणी घेतलं न्हाई?"

"दावीदला द्यायला गेले होते मी. त्यानं घेतलं नाही. आणि रिबका, खरं सांगू, तू गेल्यापासून वाचनाचा तास मला नकोसा झाला होता."

रिबकानं हात धुतले, ओढणीला पुसले, आणि पुन्हा धुतले.

त्या रविवारी, ऊन कलल्यावर, शाळेत नाताळ झाला. तोडीवरून आलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती. बायकांनी उन्हाळ्यात करंज्या तळल्या होत्या आणि गुरुजींच्या नावानं थोडी बोटंही मोडली होती. नाटिका सुरू झाली. मेंढपाळ रानात बसले. रिबका पुढे आली, तिनं तोंड उघडलं, आणि तिला काही आठवेना. इतके महिने तिनं पाचट ओढलं होतं आणि बाळ सांभाळलं होतं. देवदूताचं बोलणं कुठंतरी फडात सांडून गेलं होतं. तिचा चेहरा पडला. सुवार्ताबाई सांगायला पुढे झुकल्या, तर थोरल्या गुरुजींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

कुणी हसलं नाही. कुणी कुजबुजलं नाही. मुलं जागच्या जागी उभी राहिली. इथं थांबायचं असतं, हे त्यांना सबंध हिवाळाभर ठाऊक होतं. रिबकानं एकेकाकडे पाहिलं. कुणालाच घाई नव्हती. मग तिनं श्वास घेतला आणि पुस्तकात नसलेलं, आपल्या मनचं बोलली:

"भ्यायचं न्हाई. बाळ झालंय. तुम्ही रानात व्हता म्हणून तुम्हाला कळलं न्हाई. पण चला, उठा. अजून कोणी निजलं न्हाई. समदी तुमचीच वाट बघत्यात."

भिंतीला टेकलेल्या माणसांत तिचा बाप होता. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि डोळ्यांना लावलं. सुवार्ताबाईंना समोरचं काही दिसेना, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी रिबका शाळेत आली, बाळाला कडेवर घेऊन. आई मजुरीला गेली होती. थोरल्या गुरुजींनी काही न विचारता छपराच्या वाशाला दोर टाकून झोळी बांधली. रिबका एका पायानं झोका देत वाचू लागली. मधल्या महिन्यांनी तिला अडखळायला शिकवलं होतं. बाई ऐकत राहिल्या, आणि जिथं ती अडली तिथं थांबल्या.

दूर गेलेल्या आपल्या माणसांना आपण नेहमी विचारतो, कधी येताय? तुमच्यावाचून इथं आमचं काय अडलंय, ते सांगायचं मात्र राहून जातं.