केरबानं राउटरमध्ये फाईल भरली

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव केरबा, वय पन्नास, नोकरी ग्रामपंचायतीत. ‘दार धर, मी आलेच,’ असं कुणी म्हटलं, की तो माणूस परत येईपर्यंत केरबा दार धरून उभा राही. एकदा असं म्हणून गेलेल्या मंदाताई ग्रामसेविका दोन दिवस तालुक्यालाच राहिल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली. टँकरची मागणी संगणकावरून पाठवायची होती. संध्याकाळी पाचपर्यंत ती गेली नाही, तर गाव पंधरा दिवस कोरडं. नेमका तेव्हाच पंचायतीचा राउटर बसला. मोबाइलची रेंज बोलण्यापुरतीच.

तालुक्याचे ढवळेसाहेब फोनवर म्हणाले, “राउटरचं फर्मवेअर बिघडलंय. त्याची अक्कल गेलीय म्हण ना! नवी फाईल संगणकात आहे. ती वायरीनं राउटरमध्ये भरायची.”

मंदाताई आतल्या खोलीत घरोघरची यादी करत होत्या. त्यामुळे अक्कल भरायचं काम केरबाकडे आलं.

साहेबांनी सांगितलेलं बटण त्यानं दाबलं. फाईल निघाली. राउटरचे दिवे लुकलुकू लागले. केरबानं भिंतीवरची पाटी वाचली, ‘गरज नसताना दिवे बंद ठेवा.’ बाहेर तर लख्ख ऊन. त्यानं राउटर बंद केला आणि फोनवर तसं सांगितलं.

“फाईल अर्धीच गेली! का बंद केलास?” साहेब ओरडले.

“दिवसा दिवे कशाला, सायेब?”

“अरे, एखादं काम चालू असलं की मध्येच बंद करायचं नाही. हात लावायचा नाही. नुसतं बघत राहायचं!”

“ध्यानात ऱ्हाईल, सायेब.”

तेवढ्यात मंदाताईंनी आतून हाक मारली, “केरबा, शेगडीवर दूध ठेवलंय. लक्ष ठेव हो!” केरबा शेगडीपाशी गेला. दूध तापलं. दूध वर आलं. दूध उतू गेलं. केरबा हाताची घडी घालून बघत राहिला. पातेलं करपल्यावर मंदाताई धावत आल्या.

“अरे देवा! बंद का नाही केलंस?”

“काम चालू हुतं, ताई.”

“काठाला आलं की लगेच बंद करायचं! एक क्षणही थांबायचं नाही!”

“ध्यानात ऱ्हाईल, ताई.”

केरबानं फाईल पुन्हा पाठवली. संगणकावर हिरवी पट्टी सरकू लागली. निम्मी झाली, पाऊण झाली, काठाला आली. केरबानं झडप घालून राउटर बंद केला.

“फाईल पोचली होती रे, पण आत बसायची होती!” साहेब रडकुंडीला आले. घड्याळात चार वाजले होते. “आता नीट ऐक. फाईल पाठव. मी सांगेपर्यंत बटणाला शिवू नकोस. मग पाठवल्याचा आकडा आणि पोचल्याचा आकडा ताडून बघ. जुळला नाही, तर आलेलं सगळं काढून टाकायचं. जेवढं आलं तेवढं चालवून घेऊ, असं करायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून मागवायचं!”

केरबानं हे तीनदा म्हणून दाखवलं. फाईल गेली. आकडा जुळला. राउटर चालू झाला. पावणेपाचला मंदाताईंनी चार टँकरची मागणी पाठवली. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आले. मंदाताई बायकांना बोलवायला वस्तीवर गेल्या होत्या. टँकरपाशी केरबा एकटाच होता, हातात मागणीची प्रत घेऊन. त्यानं टँकर मोजले. मग उलट्या बाजूनं मोजले. मग चालकांना हुकूम सोडला. चालकांनी एकमेकांकडे पाहिलं. पण पंचायतीचा शिपाई, खाकी कपडे, हातात कागद. त्यांनी नळ सोडले.

बायका हंडे घेऊन आल्या, तेव्हा ओढ्याच्या खडकांवर नुसती ओल होती. तीही उन्हानं वाळत चालली होती.

केरबा मात्र खुशीत फोनवर बोलत होता.

“सायेब, आज कुणाला इचारावं लागलं न्हाई बगा. मागितले चार, आले तीन. आकडा जुळंना. म्या थेंबसुदिक मागं ठेवला न्हाई. आता पैल्यापासनं पाठवा.”