तिसरा हात

एका राज्यात चंडसेन नावाचा राजा होता. शिस्तीचा एवढा भोक्ता, की बागेतल्या फुलांनी रांगेत फुलावं अशी त्याची आज्ञा होती. फुलं ऐकत नसत. त्यांना कुठे दरबारात नोकरी करायची होती!

त्याच राज्यात गुणाई नावाची चितारीण होती. राजवाड्याच्या पडवीत ती लहान मुलांची शाळा चालवी. तिथे छडी नव्हती; रंग होते आणि एक लांबलचक भिंत होती. कुणी हत्ती झाडावर बसवी, कुणी सूर्याला मिशा काढी. गुणाईची पाच वर्षांची लेक चिमा सगळ्या गायी हिरव्या रंगवी, कारण गायी गवत खातात.

एके दिवशी राजा मांत्रिकाला घेऊन पडवीत आला. विस्कटलेल्या झिपऱ्या आणि रंगाने माखलेली तोंडं पाहून त्याचं डोकं फिरलं.

"काय हा अवतार! मांत्रिका, आधी ही पोरं सारखी कर."

राजाला म्हणायचं होतं, केस विंचर, तोंडं पूस. पण मांत्रिक पडला हुकमाचा ताबेदार. त्याने उडीद फेकले आणि चाळीस मुलं सारखी झाली. एकच चेहरा, एकच आवाज, अंगात एकच अंगरखा. चाळीस जणांनी भिंतीवर एकच आंबा काढला. आया धावत आल्या. कुणाला उचलावं कळेना. पोटचं पोर ओळखू येऊ नये, याहून वाईट शाप तो कोणता?

"उलटा मंत्र म्हण," राजा म्हणाला.

"महाराज, राजाज्ञेला उलटा मंत्र नसतो."

तेव्हा वळचणीची साळुंकी बोलली, "गुणाई, तीन कामं कर. जळत्या डोंगरावरचा गेरू आण. नागाच्या डोहातली नीळ आण. त्या रंगांनी ज्याला स्वतःचं चित्र सुचेल, त्याचा चेहरा परत येईल. तिसरं काम सोपं. मुलाचे दोन हात चित्र काढतील. तिसरा हात लागू देऊ नकोस. लागला, तर तो चेहरा कायमचा गेला."

गुणाई गेली. डोंगरावरच्या राक्षसाने गेरूच्या बदल्यात तिचे केस घेतले. नागाने निळीच्या बदल्यात तिची झोप घेतली. दोन्ही देऊन ती परतली.

मुलं भिंतीशी बसली. पहिले तीन दिवस सगळ्यांनी आंबेच काढले. राजा ओरडायला उठला. गुणाईने त्याला खाली बसवलं. चौथ्या दिवशी एकाने आंब्याला शेपूट काढलं आणि त्याचं बसकं नाक परत आलं. "माझा भिवा!" म्हणत त्याची आई धावली. मग एकेक करत अडतीस चेहरे परतले.

दोन मुलं उरली. एक कुंभाराचा रखमाजी, एक चिमा. कोण कोणतं, देव जाणे. त्यातल्या एकाचा कुंचला हवेतच थांबला होता. दुसऱ्यांच्या मुलांसाठी दिवसचे दिवस धीर धरणारी गुणाई. पण आता आपली कुठली, हे कळायची तिला घाई झाली. न झोपलेल्या डोळ्यांनी ती वाकली, इवलीशी मूठ हातात धरली आणि एक रेघ ओढून दिली. एकच.

तेवढ्यात शेजारी रखमाजीचे सुपाएवढे कान परत आले.

एकोणचाळीस मुलांचा शाप उतरला. राजाने शाळेला नवी भिंत बांधून दिली, आणि तो शब्द तोलून बोलू लागला. सगळ्या आया आपापलं लेकरू घेऊन घरी गेल्या. गुणाईनेही तो कुणाचाच नसलेला चेहरा छातीशी धरला आणि घरी नेला. ती रोज चिमापुढे रंग मांडते. चिमा हात मागे घेते आणि म्हणते, "आई, तूच काढून दे ना."