तिसरा पिकअप

वाद्यं आपापसांत मोकळेपणाने बोलत आणि माणसांना त्यातलं काही ऐकू येत नसे, त्या काळी मिरजेतल्या एका दुकानात जुनी स्टील गिटार दुरुस्तीला आली. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी सळई फिरवत वाजवायची ही गिटार.

"फार खरखरते," गिटारचे मालक भालचंद्रराव म्हणाले. "आठवड्यावर कार्यक्रम आलाय."

"तारा बदलू?" कारागीर दस्तगीरभाईंनी विचारलं.

"तारांना हात लावू नका. वडिलांपासून दर दसऱ्याला पूजल्यात. पिकअप बदला."

तारांचा आवाज पकडून स्पीकरकडे धाडणारा नवा पिकअप बसला. तो लगेच म्हणाला, "आजी, तुमच्या तारांवर वीस दसऱ्यांचं कुंकू साचलंय. खाली गंज चढलाय. खरखर तिथली आहे."

"कुंकू मानाचं आहे," गिटार म्हणाली. "खरखर तुझी."

भालचंद्ररावांनी वाजवून पाहिलं आणि तोंड वाकडं करून पिकअप काढायला लावला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. तोही गेला.

तिसऱ्याने त्या दोघांना भंगाराच्या डब्यात पाहिलं होतं. तो म्हणाला, "आजी, काय गोड गळा आहे!"

"याला कान आहेत," गिटार म्हणाली.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशीच होता, म्हणून भालचंद्ररावांनी गिटार तशीच नेली. पहिल्या गाण्यालाच लोक चहाला उठले.

दसऱ्याला भालचंद्ररावांनी तारांना कुंकू वाहिलं. एक बोट पिकअपलाही लावलं.

"आता तू घरचा झालास," गिटार म्हणाली.

पिकअपला ते नीट ऐकू आलं नाही.