पाठीला माती न लागलेला पैलवान

एका गावात एक पैलवान राहत असे, आणि त्याची आई. गोष्ट पैलवानाची म्हणून सांगतात, पण तिच्यात कुस्तीपेक्षा आईच जास्त आहे. तेव्हा ऐकता ऐकता एखाद्या आईला पाणी प्यायला उठावंसं वाटलं, तर तिने खुशाल उठावं.

पैलवानाचं नाव हैबती. देह असा, की दारातून आत येताना त्याला आधी खांदा तिरका करावा लागे. स्वभाव मात्र गाईचा. आईने हाक मारली की हातातला घास खाली ठेवून येई.

त्याचे वडीलही पैलवान होते. एका जत्रेच्या मैदानातून त्यांना घोंगडीत घालून घरी आणलं, ते पुन्हा उठलेच नाहीत. हैबती तेव्हा पाळण्यात होता. पुढे पोरगं मोठं होऊन लंगोट बांधून उभं राहिलं, तेव्हा आईने अडवलं नाही. अडवलं असतं तर पोरगं रुसलं असतं, आणि गावाने नावं ठेवली असती ती वेगळीच. तिने आपल्या भावाला बोलावलं.

"दादा, ह्याची जोड तूच बघत जा. जरा बेताची बघ."

त्या मुलखात रीत अशी होती, की जत्रेत कोण कोणाशी लढणार हे पंच ठरवत. दोघांना शेजारी उभं करत, अंगाला अंग मिळतं का बघत आणि हातात हात देत. याला जोड लावणं म्हणत. मामा आदल्या दिवशीच जत्रेच्या गावी जाई, पंचांशी गोड बोले आणि भाच्याची जोड पक्की करून येई. कधी एखादा आडदांड हलवाई, ज्याचा दम जिलब्या तळण्यातच संपलेला. कधी तालीम सोडून तीन वर्षं झालेला गडी. कधी नुकताच तापातून उठलेला. अंगाने सगळे हैबतीला शोभतील असेच, त्यामुळे बघणाऱ्यांना शंका येत नसे. हैबतीलाही आली नाही.

सरावालाही मामाने घरामागे लाल मातीचा आखाडा करून दिला. तिथे खेळायला येणारी पोरं मामाकडेच जेवत, त्यामुळे ती वेळेवर पडत.

बघता बघता हैबतीच्या बारा कुस्त्या झाल्या, बाराही चितपट. गाव फुलून गेलं. जो तो म्हणे, "आपल्या हैबतीच्या पाठीला अजून माती लागलेली नाही!" आई रोज संध्याकाळी त्याला गरम पाणी द्यायची, पाठ चोळायची. पाठ स्वच्छ असायची, आणि तिला झोप लागायची.

गावात एक म्हातारे वस्ताद होते. हैबतीच्या वडिलांना त्यांनीच घडवलं होतं. एकदा लोकांनी त्यांना विचारलं, "काय वस्ताद, कसा वाटला हैबती?"

"अजून बघितला नाही," वस्ताद म्हणाले.

"म्हणजे? परवा तुम्ही पुढेच तर बसला होता!"

"हलवाई बघितला. तो कसा पडतो ते बघितलं. हैबती कसा लढतो, ते कळायला समोर कोणीतरी लढणारा पाहिजे ना?"

"म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय," एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. वस्तादही हसले, पण उशिरा.

त्या वर्षी नदीकाठच्या मोठ्या जत्रेचे पंच जोड आधीच ठरवून बसले. तिथे मामाचं गोड बोलणं चाललं नाही. हैबतीसमोर वरच्या खोऱ्यातला एक पैलवान नेमला गेला. अंगाने हैबतीपेक्षा थोडा कमीच, कान मातीत घासून चुरगळलेले. कोणी विचारलं तर तो स्वतःच सांगे, "वीस मारल्या, अठरांत पडलो."

हैबतीच्या गावाला हसू आवरेना. "अठरा वेळा पडला आणि वर सांगतोय! आपल्या वाघापुढे हा काय टिकणार?"

वस्ताद मात्र ते ऐकून उठले आणि थेट हैबतीच्या घरी गेले.

"सूनबाई, जत्रेला महिना आहे. पोरगं मला दे."

"काय करणार त्याचं?"

"रोज पाडीन. त्याला वरून दाबायचं येतं, खाली सापडल्यावर काय करायचं ते येत नाही. पडायचं कसं, तेच त्याला कोणी शिकवलेलं नाही."

आईचा आवाज चढला. "ह्यांनाही तुम्हीच शिकवलं होतं ना? मग?"

वस्ताद म्हणाले, "त्याचं काय होणार ते मला आधी दिसलं नाही, सूनबाई. पण ह्याचं मला दिसतंय, म्हणून आलो."

आई रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाली. सकाळी तिने हैबतीला वस्तादांच्या तालमीत पाठवलं. हे तिला जमलं, ते आधी सांगायला हवं. पुढचं जमलं नाही.

त्या दिवशी वस्तादांनी हैबतीला चार वेळा पाडलं. म्हाताऱ्या माणसाने, चार वेळा. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याची पाठ मातीने माखली होती. तो उंबऱ्यावरच बसला. आईने ताट वाढलं, त्याने बोट लावलं नाही.

"आई, मला काहीच येत नाही गं," तो म्हणाला. एवढा मोठा देह, आणि आवाज लहान मुलाचा.

आईने पाठ धुतली. पाणी लाल झालं. ती माती होती, हे तिला कळत होतं, तरी तिला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी हैबती स्वतःहून उठला. लंगोट खांद्यावर टाकून दाराशी गेला.

"कुठे निघालास?"

"वस्तादांकडे. ते म्हणाले, आज खाली सापडल्यावर कूस बदलायला शिकवतो."

"राहू दे रे," आई म्हणाली. "आजचा दिवस राहू दे. अंग बघ कसं ठणकतंय."

अंग त्याचं खरंच ठणकत होतं. तो थांबला. खरं सांगायचं तर त्यालाही जरा बरंच वाटलं. आजचा दिवस राहिला, मग उद्याचाही राहिला, आणि मग मामा वस्तादांकडे जाऊन म्हणाला, "पोरगं खचेल हो अशाने. ऐन जत्रेच्या तोंडावर कशाला?"

महिना तेवढ्यातच संपला.

मैदान माणसांनी भरलं होतं. हलगी वाजत होती. दोघांच्या हातात हात दिले गेले. हैबतीने नेहमीसारखी झेप घेतली, मान दाबली. समोरचा नेहमीसारखा पडला नाही. तो खाली वाकला, सरकला, आणि हैबतीच्या कमरेला त्याचा विळखा पडला. हैबतीचे पाय जमिनीवरून सुटले. असं त्याच्या आयुष्यात मैदानात कधी झालं नव्हतं.

ज्याला पडायची सवय असते तो अंग चोरून, खांद्यावर वळून पडतो. ज्याला नसते तो लहान मुलासारखा हात पुढे टेकवतो. हैबतीने उजवा हात टेकवला. कोपर सरळ होतं, आणि वर दोन देहांचं वजन आलं. आवाज हलगीच्याही वर ऐकू आला.

वरच्या खोऱ्यातला पैलवान आपली जीत विसरला. हैबतीचं डोकं मांडीवर घेऊन तो मातीतच बसला. "हात का टेकवलास, भावा?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पडायचं होतंस ना सरळ! पडायचं असतं रे!"

हाड बसवणारे आले, पट्ट्या झाल्या, लेप झाले. हैबती वाचला, पण हात कोपरात वाकडा राहिला. भरली घागर त्या हाताने पुन्हा उचलली गेली नाही. मामाने घरामागच्या आखाड्यात मेथी लावली. गाव दुसऱ्या एका पैलवानाचं नाव घेऊ लागलं. गावाला त्यात काही कठीण गेलं नाही.

काही महिन्यांनी एका दुपारी हैबतीने आईला विचारलं, "आई, मामा जोड ठरवून यायचा, हे खरं का गं?"

आईने मान खाली घातली. "मीच सांगितलं होतं."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मग त्या बारांतली एक तरी खरी होती का?"

आईने एकेक कुस्ती आठवून पाहिली. हलवाई आठवला, तापातला आठवला. "मला ठाऊक नाही रे," ती म्हणाली, आणि हे तिचं उत्तर अगदी खरं होतं.

हैबती उठला आणि वस्तादांकडे गेला. आईही मागोमाग गेली.

"वस्ताद, मला एकच सांगा. मी चांगला होतो का?"

वस्तादांनी त्याच्या वाकड्या हाताकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या आईकडे. खोटं बोलावं का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं असावं. पण ते म्हणाले, "त्या दिवशी पहिल्यांदा पाडलं, तेव्हा मला काहीच जोर लागला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नाही. चौथ्या वेळी मात्र माझा दम निघाला. पोरा, तू शिकत होतास. फार भराभर शिकत होतास."

हैबतीच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी उजेड आला. "म्हणजे दुसऱ्या दिवशी मी आलो असतो तर..."

"मी वाट बघत होतो," वस्ताद म्हणाले.

आई तिथेच दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. हैबतीने तिला उठवलं, डाव्या हाताने.

तात्पर्य: दुबळ्याला पाडून कोणाचंच बळ कळत नाही, ना गावाला, ना त्या पैलवानाला. आणि लेकराला पडू न देणारी माया त्याला दुखण्यापासून वाचवत नाही, फक्त ते दुखणं मोठं होईपर्यंत पुढे ढकलते.