येसूचा डावा हात

एक होती कुंभारीण, नाव तिचं येसू. पाय पांघरुणात घ्या आधी, मग पुढचं सांगते. हं. तर त्यांच्या घरची रीत अशी, की चाकावर नवरा आणि थापीवर बायको. नवरा चाकावर जाड, बुटकं मडकं काढून द्यायचा. मग येसू डाव्या हातानं आतून दगड धरायची आणि उजव्या हातानं बाहेरून लाकडी थापी मारायची. थापून थापून मडकं मोठं व्हायचं.

गावच्या पाणपोईला दर पाडव्याला नवा रांजण लागे. तो येसूच्याच घरचा. हा मान सासूच्या सासूपासून चालत आलेला, आणि येसू त्याला जिवापाड जपायची.

एकदा काय झालं, भर उन्हात दारात एक जोगतीण आली. येसूनं तिला गूळपाणी दिलं. जोगतीण म्हणाली, "पोरी, एक हात पुढं कर. दहा जणींचं बळ देते." येसूनं उजवा हात पुढं केला. तुम्ही तरी दुसरा कुठला केला असता?

मग काय विचारता. भाकरी थापायला बसली, तर एका थापेत काथवटीचे दोन तुकडे झाले. लेकीला थोपटायला गेली, तर पोर दचकून उठली आणि दिवसभर निजली नाही. येसू म्हणाली, "असू दे. रांजण तर झटक्यात होईल."

मग रांजणाला बसली. पहिल्या थापेला रांजण कमरेएवढा झाला, दुसरीला टरकन फाटला. नवऱ्यानं दुसरं मडकं काढून दिलं. तेही फाटलं. तिसरंही फाटलं, बरं का. पाडवा आला पंधरा दिवसांवर. पाटील दारात येऊन म्हणाले, "येसू, जमत नसेल तर सांग. पलीकडच्या गावच्या कुंभारांना सांगतो." ते गेले आणि येसूला रडूच कोसळलं.

तिच्या सासूला दिसत नव्हतं, पण कान मोठे तिखट. म्हातारी म्हणाली, "उजव्याचा आवाज गावभर येतोय. डावा काय करतो गं?"

"तो काय, नुसता आत दगड धरून असतो."

"मग त्याला विचार की."

येसूनं चौथं मडकं घेतलं आणि डोळे मिटले. आणि डावा हात बोलायला लागला. "इथं पातळ झालंय, सरक. इथं जाड आहे, मार. हळू. आता पुरे." त्याला हे पहिल्यापासून कळत होतं. हे काही जोगतिणीनं दिलेलं नव्हतं, येसूचं स्वतःचंच होतं. दहा जणींचं बळ आलं आणि तिनं त्याला विचारणंच सोडलं होतं.

मग रांजण छातीएवढा झाला. सुकला, भट्टीत भाजला, खणखणीत वाजला. पाडव्याला पाणपोईचा पहिला तांब्या सासूनं तोंडाला लावला. "गार आहे," एवढंच म्हणाली. येसूला तेवढं पुष्कळ झालं.

संध्याकाळी येसूनं लेकीच्या पाठीवर डावा हात ठेवला आणि उजव्यानं त्या हातावरच थोपटलं. पोर गाढ झोपली. तेव्हापासून त्या घरात काथवटही कधी फुटली नाही.

बघू, द्या हात. एकच काय देता? दोन्ही द्या. आता मिटा डोळे.