चिंचणूरच्या वेशीवरचे सात रिकामे खळगे

चिंचणूरच्या पेठेत शिरण्याआधी वेशीपाशी एक बसका दगडी कट्टा लागतो. त्यावर मूठभर खोलीचे चाळीस खळगे कोरलेले आहेत. तेहतीस खळग्यांत एकेक दगड बसवलेला आहे, आणि ते दगड आमच्या मुलखातले नाहीत. आमच्याकडे सगळा काळा पाषाण. इथे मात्र तांबडा जांभा आहे, दुधी गारगोटी आहे, नदीत झिजून गुळगुळीत झालेला करडा गोटा आहे. उरलेले सात खळगे रिकामे आहेत. पावसाळ्यात त्यांत पाणी साचते आणि चिमण्या येऊन पितात.

हा कट्टा पाहायला मुद्दाम कोणी येत नाही. बाहेरगावचे आईबाप येतात ते पोराला कॉलेजात घालायला. पोरे आली की गाव फुगते. शिरगणतीचा माणूस मे महिन्यात आला तर त्याला चिंचणूर नऊ हजारांचे दिसेल, ऑगस्टात आला तर चौदा हजारांचे. झेरॉक्सची अकरा दुकाने, बावीस मेस, गल्लोगल्ली कॉट बेसिसच्या पाट्या, हे सगळे त्या पाच हजारांच्या जिवावर. कॉलेजला सुट्टी लागली की पेठेतली कुत्रीसुद्धा कंटाळतात. पण साधे पेन घ्यायला गेलेल्या नव्या पोराची आमच्याकडे उलटतपासणी होते. त्यावर एखादा बाप चिडला, की पेठेतला कोणीतरी म्हातारा त्याला या कट्ट्यावर आणून बसवतो आणि शिवाप्पा शेट्यांची हकीकत सांगतो.

फार जुनी गोष्ट. राजा कोण होता हे नक्की कोणी सांगत नाही. गावात तेव्हा सात गल्ल्या होत्या आणि टेकाडावर एक मठ. मठात एक वृद्ध वैद्यबोवा मुलांना वैद्यकी शिकवत. त्यांची ख्याती मोठी होती, म्हणून दूरदूरची चाळीस मुले तिथे येऊन राहिली होती. मठात जातपात विचारत नसत, म्हणे. निदान आता सांगताना तरी आम्ही तसेच सांगतो.

मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे प्रत्येकाचे आठवड्याला सात उंबरे ठरलेले. घरचे लोक मुलाला वाराच्याच नावाने ओळखत. "आमचा बुधवार आज आला नाही, ताप आला की काय?" असे बायका विहिरीवर बोलत. त्यात माया होती, नव्हती असे नाही. पण नाव विचारायचे मात्र बहुतेकींचे राहूनच गेले.

शिवाप्पा शेटे गावचा बाजार पाहत. बाजार कसला, चिंचेखाली आठवड्याला चार पथाऱ्या. पण ही पोरे आल्यापासून तिथे काहीतरी हलू लागले होते. एक बोरू विकणारा येऊ लागला, घोंगड्यांचा एक धनगर येऊ लागला, गूळ-फुटाणेवाली तर रोजच बसू लागली. शेट्यांना त्यात पुढचे दिसले. त्यांना कायमची पेठ हवी होती: दगडी ओटे, दुतर्फा दुकाने, बारमाही वर्दळ. स्वतःच्या पोटासाठीच हवी होती असे नाही. आपले गाव कोणाच्या खिजगणतीत नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटे.

राजाचा नियम असा, की ज्या गावात हजार शिरे भरतील त्यालाच पेठेची सनद. चिंचणूरची शिरे सातशे चाळीस. पोरे धरली तरी सातशे ऐंशी.

मोजणीची रीत मोठी सभ्य होती. राजाचा कारकून कोणाच्या घरात शिरत नसे. रोज एक गल्ली धरायची. दुपारची जेवणे आटोपली की घरात जितकी माणसे जेवली तितके खडे घरच्या बाईने उंबऱ्यावर ठेवायचे, आणि कारकुनाने ते मोजत पुढे जायचे. सात गल्ल्यांना सात दिवस.

मोजणीच्या महिनाभर आधी शेट्यांनी गावाला बोलावले आणि म्हणाले, "पोरं उन्हातान्हाची गावभर भटकत्यात. त्यापेक्षा समद्यांचा सोमवार एकाच गल्लीत लावू, मंगळवार दुसऱ्या गल्लीत. पोरास्नी बी बरं, आपल्याला बी बरं." कोणाला त्यात वावगे दिसले नाही. मोजणीच्या आठवड्यात मग चाळीसच्या चाळीस पोरे रोज नव्या गल्लीत जेवली आणि रोज चाळीस खडे नव्याने उंबऱ्यांवर आले. शेट्यांची बायको गौराक्का गुरुवारी आपल्या दारी खडे मांडताना थबकली.

"ह्यो खडा कालच्या गल्लीत बी पडला आसंल की," ती म्हणाली.

"आज हितं जेवला न्हवं? जेवला त्येचा खडा. खोटं काय त्यात?" शेटे म्हणाले.

गौराक्काने खडा ठेवला. हे ती पुढे मरेपर्यंत विसरली नाही, असे सांगतात.

एक हजार वीस शिरे भरली. सनद आली आणि पेठ वसली. हजार माणसांचे गाव म्हणून दूरचे शिंपी, तेली, कासार बिऱ्हाडे घेऊन आले. कागदावरची माणसे कुठे आहेत असे कोणी विचारले नाही, कारण चाळीस पोरे एकटीच शंभरांसारखी बाजारात हिंडत होती. चिंचणूरला एवढे चांगले दिवस त्याआधी आले नव्हते. शेटे संध्याकाळी वेशीत उभे राहून नुसती वर्दळ बघत आणि घरी येऊन पोटभर जेवत.

तिसऱ्या वर्षी सरहद्दीवर किल्ल्याचे काम निघाले. उभा कडा, अर्धी भिंत आणि समोर शत्रू. तिथे गेलेले परतत नव्हते हे सगळ्या मुलखाला ठाऊक होते. राजाचा हुकूम आला: शंभर शिरांमागे चार जवान. चिंचणूरचे चाळीस.

गावाने खरी शिरे सांगितली असती तर एकोणतीस-तीस पोरे द्यावी लागली असती. तेवढ्यानेही गावाचा कणा मोडला असता. आता चाळीस. शेट्यांचा एकुलता मुलगा बसाप्पा त्या वर्षी एकोणीस वर्षांचा होता, अंगाने दांडगा, यादीत पहिला येईल असा. चावडीत कोणी वर बघेना. अखेर कोणीतरी, कोणी ते आजवर एकाही घराने कबूल केलेले नाही, हळूच म्हणाले, "मठातली बी चाळीसच हाईत."

सगळे शेट्यांकडे बघू लागले. सनद त्यांच्या नावची, शब्दही त्यांचाच चालणार. शेट्यांच्या डोळ्यांपुढे बसाप्पा होता, आणि दर गुरुवारी त्यांच्या ओसरीवर बसून जेवणारे ते शेलाटे पोरही होते. जेवण झाले की ते शेट्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला लेप लावून जाई. शेट्यांनी मान हलवली. त्यांना नंतर वाटे, तोंडाने 'हो' म्हटले असते तर निदान आपला आवाज आपल्या कानांवर पडला असता.

राजाची माणसे गुरुवारी दुपारी आली. पोरे शोधत हिंडायची गरजच नव्हती. सगळी एकाच गल्लीत जेवायला बसली होती. मोजणीसाठी लावून दिलेला वार असा कामी आला. पोरांना ताटांवरून उठवले. काहींचे हात खरकटे होते. शेट्यांच्या ओसरीवरचे पोर उठताना म्हणाले, "शेटेमामा, लेप कोपऱ्यात ठेवलाय. दोन दिवस पुरंल." त्याला वाटले, चौकशी करून सोडतील. वैद्यबोवांना कळले तेव्हा ते टेकाडावरून काठी टेकत उतरले आणि पोरांच्या मागे चालू लागले. गौराक्काने ते ताट तीन दिवस उचलले नाही.

पावसाळ्यात कडा खचला आणि भिंतीखाली सगळे गेले, वैद्यबोवांसकट. बातमी आली, पण कळवायचे कोणाला? गावाला प्रत्येक पोराचा वार माहीत होता. कोणाला भाकरी जाड लागते, कोण भात चिवडतो हेही माहीत होते. त्याचे गाव मात्र माहीत नव्हते. ते एकट्या वैद्यबोवांना ठाऊक होते.

मठ ओस पडला. पोरे नाहीत म्हणून बोरूवाला गेला, गूळ-फुटाणेवाली उठली. शिंप्यांनी, तेल्यांनी आजूबाजूला नीट पाहिले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की हे हजारांचे गाव नव्हतेच कधी. वर्षभरात दुकानांच्या फळ्या लागल्या. पेठेतल्या ओट्यांवर गवत उगवले.

एक दिवस घाट चढून एक बाई आली. कोकणातली, पायांना तांबडी धूळ, पाठीला गाठोडे. ती वेशीत शेट्यांनाच भेटली.

"माझो झील हय शिकाक इलेलो," ती म्हणाली. "रवळू त्याचा नाव. खय रवता तो?"

शेट्यांनी रवळू हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. त्यांनी तिला घरी आणले. ती मुलाचे वर्णन करू लागली, शेलाटा, उंच. तशी तर बरीच होती. गौराक्का ऐकत होती. मग बाई म्हणाली, "ताकात मीठ घातलेला चलना नाय त्याका."

गौराक्का नवऱ्याकडे वळली. "ह्यो आमचा गुरुवार, आवं," ती नवऱ्याला म्हणाली. "तीन वरसं बिनमिठाचं ताक काढून ठिवलं म्या. त्येला नाव हुतं."

मग तिनेच त्या बाईला सगळे सांगितले. खड्यांचे, चावडीचे, ताटावरून उठवल्याचे, काहीही न लपवता. शेटे भिंतीकडे तोंड करून उभे होते. बाई रडली नाही. तिने बराच वेळ बसाप्पाकडे पाहिले. तो दारात उभा होता, धडधाकट. मग तिने शेट्यांना इतर पोरांच्या आयांबद्दल विचारले, "आणि बाकीच्यांच्या आवशीक कोण सांगतला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाप्पा शेट्यांनी सनद वेशीत फाडली आणि त्या बाईबरोबर घाट उतरले. तिच्या घरी जाऊन त्यांनी रवळूच्या बापापुढे सगळे आपल्या तोंडाने सांगितले. बापाने त्यांना मारले असे कोणी सांगतात, पाणी दिले असेही कोणी सांगतात. तिथल्या ओहोळातला एक जांभा त्यांनी वाटसरूच्या हाती चिंचणूरला पाठवला. निरोप एवढाच: 'रवळू, गुरुवारचा. घर सापडले.' रवळूच्या बापाला शेजारच्या खोऱ्यातल्या आणखी दोघा पोरांची गावे माहीत होती. शेटे तिकडे गेले. त्या दोन घरांतून आणखी एक कळले. असे एका दारातून दुसऱ्या दारात, दुखरा गुडघा ओढत, तोच गुन्हा पुन्हा पुन्हा सांगत ते हिंडत राहिले.

इकडे बसाप्पाने वेशीत कट्टा बांधला आणि स्वतःच्या हाताने चाळीस खळगे कोरले. दगड येई तसा तो बसवी आणि त्या पोराचे नाव गौराक्काला मोठ्याने सांगे. त्याने लग्न केले नाही. चौदा वर्षांत तेहतीस दगड आले. त्यानंतर दगड येणे थांबले. शेटे कुठल्या रस्त्यावर पडले, कोणाच्या दारात पडले, ते आम्हाला माहीत नाही. त्यांचेही कळवायला कोणी आले नाही. गौराक्का मात्र संध्याकाळी येऊन कट्ट्यावर बसत असे, डोळ्यांना दिसेनासे झाले तरी. नव्या दगडासाठी ती रिकाम्या खळग्यांत बोटे घालून बघे, असे सांगतात.

आजही चिंचणूरला शिरगणतीचा माणूस दारात आला की घरातली बाई आधी आपली माणसे सांगते, मग जरा थांबून म्हणते, "आणि लोकांची तीन पोरं हाईत, ती येगळी लिवा." आजही मेसमध्ये जेवायला बसलेल्या पोराला कोणी ताटावरून उठवत नाही. पोलीस आला तरी त्याने हात धुईपर्यंत बाहेर थांबायचे. आणि आजही नवे पोर पहिल्यांदा पेन घ्यायला आले की दुकानदार वही काढतो. नाव काय, गाव कोणते, घरी कोण, आईला काय म्हणून हाक मारतोस. पोरे वैतागतात, "काका, पेन द्या ना!" म्हणतात. काका पेन देत नाहीत. आईचे नाव लिहून होते, तेव्हाच देतात.

पोराला सोडायला आलेले आईबाप परत जाताना कट्ट्यापाशी घटकाभर थांबतात. बहुतेक आया हात लावून दगड बघतात, आपल्या मातीच्या रंगाचा एखादा आहे का म्हणून. नाही सापडला की त्या हसतात, त्यांना बरे वाटते. आम्ही त्यांना त्या वेळी सांगत नाही, की ज्या सात आयांना अजून कोणी कळवलेले नाही, त्यांचा दगडही इथे नाही.